पाथर्डीतला डाव सांगलीत कसा पोचतो

पाथर्डीतली एखादी मुलगी नगरच्या स्पर्धेत बुद्धिबळाचा सुंदर डाव जिंकून येते आणि तो सांगलीतल्या प्रशिक्षकांना दाखवायचा असतो. वर्णन करून डाव कळत नाही, तो जसाच्या तसा पाठवावा लागतो. पाठवता येतो, कारण मोठ्या वेळेच्या डावात प्रत्येक खेळी लिहिणं हा फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचा नियमच आहे. आधी चाल करायची, मग लिहायची.

पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं की डावीकडून उजवीकडे ए ते एच या उभ्या रांगा आणि खालून वर १ ते ८ या आडव्या. म्हणून प्रत्येक घराला एकच नाव. जुन्या पद्धतीत दोन्ही खेळाडू आपापल्या बाजूने घरं मोजत, एकाच घराला दोन नावं पडत आणि जुनी पुस्तकं वाचताना आजही डोकं फिरतं. प्याद्याला अक्षर लागत नाही, नुसतं ई४ पुरतं. घोड्याचं अक्षर एन, कारण के राजाकडे गेलेलं.

नवशिक्यांच्या कागदावर एक खेळी हमखास अर्धवट असते. एक घोडा बी१ वर, दुसरा एफ३ वर, आणि डी२ हे घर दोघांच्याही टप्प्यात. नुसतं एनडी२ लिहिलं तर कोणता घोडा गेला? बी१ वरचा गेला असेल तर तिथे एनबीडी२ असंच लिहायला हवं. एवढं एक अक्षर गळालं तर पुढच्या खेळ्या पटावर जुळेनाशा होतात आणि चांगला डाव वाया जातो. मला याची फार हळहळ वाटते.

संगणकावर चढवताना पीजीएन ही पद्धत वापरतात. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती १९९३ च्या सुमारास आखली. त्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमची साठवण्याची रीत वेगळी, एकातला डाव दुसऱ्यात उघडेना. एडवर्ड्स यांनी साधा मजकूरच निवडला, माणसाला वाचता येणारा आणि यंत्रालाही. हा निर्णय मला खेळातल्या कुठल्याही शोधाइतका मोलाचा वाटतो. सुरुवातीला चौकटी कंसांत सात नोंदी: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्हं. त्याखाली खेळ्या. किल्लेकोट लिहिताना मात्र शून्य नव्हे, इंग्रजी ओ हे मोठं अक्षर टाकायचं. आपली टिप्पणी महिरपी कंसात लिहिली की डावाला धक्का लागत नाही.

अशी फाइल इतकी हलकी असते की फोनवरून क्षणात जाते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. ते डाव पाथर्डीतही त्याच दिवशी खेळी-खेळीने पाहता येत होते. उलट दिशेने मात्र फार थोडं जातं. तालुका पातळीवरच्या स्पर्धांचे कागद बहुधा रद्दीत जातात. आयोजकांनी फेरी संपताच प्रत्येक कागदाचा फोटो काढावा आणि पट मांडून दोघा मुलांना ते डाव पीजीएनमध्ये भरायला बसवावं: एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. हरलेले डावही भरावेत. प्रशिक्षक आधी तेच मागतात.