फाइल सर्व्हरच्या वेगाची पारख

अकोल्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला वाशीम जिल्हा तसा नवा नव्हेच. इंग्रजी अमदानीत ‘बाशीम’ या नावाने तो स्वतंत्र होता आणि १९०५ साली अकोल्यात विलीन झाला. असे फेरबदल पाहिलेल्या मुलखात कोणता कागद कोणत्या दफ्तरात सापडेल, हा प्रश्न जुनाच. परंतु संगणक आल्याने तो मिटला म्हणावे, तर एकाच नकाशाच्या चार टेबलांवर चार प्रती होऊन त्यांतील अखेरची कोणती, असा नवा तंटा कोणत्याही कचेरीत उद्भवू शकतो.

त्यावरचा इलाज म्हणजे फाइल सर्व्हर : दस्तऐवज एकाच यंत्रात राहावेत आणि टेबलांवरील संगणकांनी ते आपल्याच डिस्कवर असल्यासारखे उघडावेत. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सचा पाया घातला, त्याच्याच वळणावर घडलेले लिनक्स हे काम साध्या यंत्रावरही निमूटपणे करते. आणि विंडोजच्या संगणकांशी त्यांच्याच परिभाषेत व्यवहार करणारी ‘सांबा’ ही प्रणाली, जी ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिली, ती विनामूल्य मिळते. कोणी लिहावे व कोणी केवळ वाचावे, एवढा बंदोबस्त नीट केला की उभारणी संपली.

वेगाच्या मोजणीत मात्र भलेभले फसतात. सोळा गिगाबाइट स्मृती असलेल्या सर्व्हरवर एक गिगाबाइटची फाइल लिहून आकडा पाहिला, तर तो डिस्कचा नसून स्मृतीचा असतो, कारण युनिक्स लिहिलेला मजकूर प्रथम स्मृतीतच राखून ठेवते. म्हणून चाचणीची फाइल स्मृतीच्या निदान दुप्पट हवी. तारेचीही मर्यादा आहे : गिगाबिट जाळ्यावर हिशेबाने सेकंदाला १२५ मेगाबाइट जातील, पण प्रत्येक पुडक्यावरील पत्त्यांचा व शिक्क्यांचा भार वजा जाता सुमारे ११८ उरतात, आणि कोपऱ्यात एखादा जुना शंभर मेगाबिटचा स्विच राहिला असेल, तर साडेबाराच्या वर काहीही जात नाही. तेव्हा आधी केवळ तार मोजावी, मग सर्व्हरवरच डिस्क मोजावी, आणि त्यानंतरच टेबलावरून दोन्ही एकत्र.

याहून महत्त्वाचे असे की, कचेरीचे काम एका अजस्र फाइलीचे नसून हजारो लहान कागदांचे असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. दर लहान फाइलीसाठी तिचा काटा नव्या जागी न्यावा, पाते फिरून येण्याची वाट पाहावी, शिवाय सर्व्हर व संगणक यांच्यात अनेक सवालजबाब व्हावेत, अशा रीतीने शंभराची गती सहज एकआकडी होते. जाहिरातीत हा आकडा नसतो.

‘मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय पोच देऊ नये’ ही तजवीज चालू ठेवली की लेखन मंदावते, म्हणून ती बंद करण्याचा सल्ला अनेकजण देतात. वीज अवचित जाणाऱ्या गावी, चांगला यूपीएस नसताना, तो मानू नये. फेरफाराची नोंद हरवण्यापेक्षा लिपिकाने क्षणभर थांबलेले बरे.