विकत घेतलेले अंगण

घर घेऊ इच्छिणारा मनुष्य पूर्वी तीन प्रश्न विचारीत असे : खोल्या किती, पाणी कसे आणि बाजार किती दूर. आता त्यांत चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे : क्लब हाऊस कसे आहे? पणजी, म्हापसा, मडगाव या शहरांच्या आसमंतात उभ्या राहणाऱ्या निवासी संकुलांची रंगीत माहितीपत्रके चाळली तर स्वयंपाकघराआधी दर्शन घडते ते प्रवेशदालनाचे. वेताच्या खुर्च्या, लाकडी जाळ्या, छताला लोंबणारे बांबूचे दिवे, कोपऱ्यात दगडी बुद्ध आणि समोर निळाशार तरणतलाव. किनाऱ्यावरील रिसॉर्टचा थाट सामाईक जागेत उतरविण्याची ही हौस आता मध्यमवर्गाच्या सदनिकांपर्यंत येऊन पोहोचली आहे.

या हौसेला नाके मुरडण्याचा आमचा हेतू नाही. अंधारा जिना, पान थुंकून रंगलेल्या भिंती आणि दुचाक्यांनी अडविलेली वाट यांच्यापेक्षा नीटनेटके दालन केव्हाही बरे. परंतु ही शैली आली कोठून, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

श्रीलंकेचे वास्तुशिल्पी जेफ्री बावा यांनी १९६९ साली बेंटोटा येथे समुद्रकाठी हॉटेल उभारले, तेव्हा मधला चौक, त्यातले पाणी, उतरती कौले आणि मोकळ्या पडव्या यांची योजना त्यांनी आपल्याच देशातील जुन्या घरांवरून केली. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी १९८२ साली दोनापावलाजवळ ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल साकारले, ते तर नावाप्रमाणे एक लहानसे नगरच. त्यातील चौक आणि गल्लीबोळ आपल्या गावांची आठवण करून देतात. तात्पर्य, रिसॉर्टने सौंदर्य शिकून घेतले ते घराकडून. आज तेच घर आपलीच वस्तू रिसॉर्टकडून दामदुपटीने परत विकत घेत आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

गोमंतकीय हिंदूंच्या जुन्या घरात राजांगण होते. मध्ये तुळशीवृंदावन, भोवती चारी बाजूंनी पडवी, वर मंगळुरी कौले. पावसाचे पाणी चौकात पडे आणि वारा घरभर खेळे. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या दारापुढे बाल्कांव होता. त्याच्या दोन बाजूंच्या सोप्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस होई. गावाची म्हणून जी सामाईक जागा, ती देवळाचा मंडप, अग्रशाळा आणि पिंपळाचा पार. अग्रशाळेत लग्नाची पंगत उठे आणि परगावच्या महाजनाची पथारीही पडे. तिथले सामान साधे, पण जागा क्वचितच रिकामी असे.

रिसॉर्ट आणि घर यांत एक मूलभूत भेद आहे आणि सजावटकाराला त्याचा हटकून विसर पडतो. रिसॉर्टमध्ये मनुष्य चार दिवसांचा पाहुणा असतो. तेथे कोणी म्हातारे होत नाही, कोणाची परीक्षा नसते, कोणाचे बारावे होत नाही. संकुलात हे सारे होते. सांत्वनाला आलेल्या मंडळींनी बसावे कोठे? चतुर्थीच्या आरतीसाठी टाळ-झांजा घेऊन जमलेल्यांना लवंडत्या आरामखुर्च्यांचा काय उपयोग? गुडघे दुखणाऱ्या आजीला खोल, मऊ कोचातून उठविण्यास दोघे लागत असतील तर तो कोच तिच्यासाठी नव्हे, छायाचित्रासाठी आहे.

आता आपल्या हवेचा विचार करू. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश चार महिन्यांत कोसळतो. जुलैत कापडी गाद्यांना बुरशी येते, बिनप्रक्रियेच्या वेताला कीड लागते आणि गुळगुळीत ग्रॅनाइटवर पाय घसरतो. तरणतलावाचा हिशेबही मांडून पाहावा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून किंचित कमी खोल असा लहानसा तलाव घेतला तरी त्यात साठ हजार लिटरच्या आसपास पाणी मावते. शहरी माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी, हे सरकारी प्रमाण धरले तर एवढे पाणी सुमारे साडेचारशे माणसांना एक दिवस पुरेल. ते रोज बदलावे लागत नाही हे खरे. पण उन्हाने आटते, गाळणी धुताना वाहून जाते आणि त्याची भरपाई ऐन मे महिन्यात करावी लागते. ज्या संकुलात उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर येतो, तेथे हा निळा रंग डोळ्यांत सलला पाहिजे.

कायदाही ध्यानी घेण्याजोगा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये, ज्याला ‘रेरा’ म्हणतात, प्रकल्पात दिलेल्या सामुदायिक सुविधा सामाईक क्षेत्रात मोडतात आणि त्या क्षेत्राची मालकी रहिवाशांच्या संघटनेकडे सोपवावी लागते. बांधकामात अगर कारागिरीत दोष आढळल्यास ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकाम व्यावसायिकास तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. मात्र कुजलेल्या गाद्या आणि तलावाचे वीजबिल यांचा भार अखेर रहिवाशांच्या मासिक वर्गणीवरच पडतो. नोकरदाराला आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तो वर्षानुवर्षे वाहायचा असतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी देखभालीचा आकडा मागावा आणि कोणत्या सुविधा लेखी आहेत व कोणत्या केवळ चित्रात, हे पडताळून घ्यावे.

मग सामाईक जागा असावी तरी कशी? आमच्या मते, लांब पागोळ्यांची, दोन बाजूंनी वारा घेणारी पडवी प्रथम हवी. चिऱ्याचे किंवा काँक्रीटचे, पाठ टेकता येईल असे कट्टे हवेत. खडबडीत फरशी, ओल्या छत्र्या आणि पादत्राणे ठेवण्यास जागा, शंभर माणसांचा चहा होईल एवढी मोरीसह लहान खोली, वर्तमानपत्रांचे टेबल आणि रखवालदार व कामकरी बायांसाठी स्वच्छतागृह हवे. भिंतीला शोभा हवी असेल तर आपल्या देवळांतली तांबडी-पांढरी कावी आहे. ती येथल्याच कारागिरांच्या हातून व्हावी. मांडवीकाठी १९८३ साली पुरी झालेली कला अकादमी कोरिया यांचीच. सावली, वारा आणि निवांत बसण्याची सोय हेच सामाईक जागेचे खरे अलंकार आहेत, हे त्यांनी तेथे दाखवून दिले.

प्रश्न केवळ रुचीचा नाही. अनेक संकुलांतील निम्म्या खिडक्या आज वर्षभर बंद दिसतात. काही सदनिका दर आठवड्याला नवे पाहुणे घेतात. अशा ठिकाणी जे कायमचे राहतात त्यांना एकमेकांची नावे ठाऊक असणे ही मोठी निकडीची गोष्ट झाली आहे. रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर कोणाचे दार ठोठवायचे, हे ज्या जागेत बसता-उठता कळते, ती जागा संकुलाचे अंगण होय. वास्तुविशारदाकडून त्याची मागणी आपणच केली पाहिजे. पुढच्या वार्षिक सभेत नव्या कोचांचा ठराव येईल, तेव्हा एखाद्या सभासदाने उठून एवढेच विचारावे, की यावर आपण कोण, केव्हा आणि कशासाठी बसणार आहोत?