पूक्कोची मूठ उजळताना

पूक्को ही फिनलंडची घडी न होणारी, एकधारी सुरी. कारागिराकडून ती घडवून घ्यायची तर आपल्या पंजाची रुंदी आधी कळवावी. पारंपरिक पातं साधारण तेवढंच लांब असतं. मुठीसाठी व्हीसाकोइवू मागावं. तपकिरी रेघांनी भरलेल्या या बर्चच्या नक्षीला खरोखर तोड नाही!

वापराने मूठ काळवंडली तर ती घरीही उजळते. आधी पात्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, मग 240 आणि 400 नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा. ओलसर फडक्याने पुसलं की तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा हलकेच घासायचे. त्यानंतर जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात. एक पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही, नाहीतर मूठ चिकट राहते.

तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर, पसरूनच वाळवावीत.