खिडकी दोन नॅनोसेकंदांची

एफपीजीएच्या इनपुटचं टायमिंग मांडायची रीत गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा बदलली. त्याआधी बदललं ते हार्डवेअर. वेग वाढला तसा साऱ्या बोर्डभर एकच क्लॉक फिरवणं परवडेना, म्हणून पाठवणारी चिपच डेटासोबत क्लॉकही धाडू लागली. 2000 नंतर डीडीआर मेमरी आणि गिगाबिट इथरनेटचं आरजीएमआयआय यांमुळे ही सोर्स-सिंक्रोनस पद्धत सर्रास झाली. क्लॉक आणि डेटा यांची वाट सारखीच असल्याने वाटेतला उशीर वजा होतो. हिशेब उरतो तो दोघांतल्या फरकाचा.

जयपूरच्या जंतरमंतरातल्या सम्राट यंत्रावर दोन सेकंदांच्या खुणा आहेत. पण सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. सावलीची कड पुसट पडते आणि नेमकेपणा खुणांवर नव्हे, त्या पुसट पट्ट्यावर अडतो. इथेही बिटच्या कडा अशाच पुसट. आरजीएमआयआयचा क्लॉक 125 मेगाहर्ट्‌झचा, डेटा दोन्ही एजवर, म्हणजे प्रत्येक बिटला 4 नॅनोसेकंद. त्यातले खात्रीचे किती? घेणाऱ्या चिपपाशी एजच्या आधी 1 आणि नंतर 1, म्हणजे दोन नॅनोसेकंदांची खिडकी.

झायलिंक्सच्या जुन्या आयएसई टूलमध्ये हे ‘ऑफसेट इन’ने सांगत: एजच्या किती आधी डेटा येतो, किती वेळ टिकतो. अल्टेराने 2006 मध्ये टाइमक्वेस्ट आणलं, झायलिंक्सने 2012 मध्ये व्हिवाडो. दोघांनी एसिकवाल्यांची एसडीसी ही कन्स्ट्रेंट लिहायची पद्धत घेतली. आता बोलायचं पाठवणाऱ्याच्या बाजूने: त्याच्या एजनंतर डेटा जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती उशिरा पोचतो. वरच्या उदाहरणात कमाल 4 वजा 1, म्हणजे 3, किमान 1. उतरत्या एजसाठी हीच जोडी पुन्हा लिहायची, तीही ‘ॲड डिले’ लावून. नाहीतर दुसरी जोडी पहिलीला पुसते.

आतला मार्ग नापास झाला तर टूल लॉजिक हलवून बघतं. इनपुट रजिस्टर पिनलगत बसलेलं असेल, तर हलवायला फारसं काही नसतं. कन्स्ट्रेंट फक्त तपासतो. क्लॉकची फेज किंवा डिलेचे टॅप डिझायनरलाच बदलावे लागतात.

डीडीआर3 च्या वेगाला हा कागदी हिशेबही अपुरा पडला. तिथे कंट्रोलर चालू होताना स्वतःच टॅप सरकवत खिडकीचा मध्य शोधतो. इथरनेट, कॅमेरा, एडीसी यांच्या अनेक डिझाइन्समध्ये मात्र आकडा अजून माणूसच लिहितो. तो डेटाशीट आणि बोर्डावरच्या ट्रेसच्या लांबीवरून काढला नसेल, तर रिपोर्टमधला ‘पास’ अस्तित्वात नसलेल्या बोर्डाबद्दल असतो.