थोडक्या पैशांत चांगला स्टीरिओ

पेणच्या आमच्या एका स्नेह्यांचा व्यवसाय गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखण्याचा. आषाढ-श्रावणात ह्या कामाला रात्र पुरत नाही. हात मूर्तीवर आणि कान गाण्यावर, अशी त्यांची वर्षानुवर्षांची सवय. भाद्रपद उलटला म्हणजे हातात चार पैसे येतात. अशाच एका वर्षी त्यांनी वीस हजार रुपये बाजूला काढले आणि घरात चांगले गाणे आणावयाचे ठरविले. त्याला कारणे दोन. वडिलांनी आकाशवाणीवरून उतरवून ठेवलेल्या कॅसेटी कपाटात पडून होत्या, हे एक. दुसरे कारण घरातल्या आई. कीर्तना-व्याख्यानाला जाणे आता त्यांच्याने होत नाही आणि कानही थोडे मंद झाले आहेत.

स्नेही मुंबईला गेले आणि पाच लहान स्पीकर व एक भला थोरला वूफर असा संच घेऊन आले. खोक्यावर पाच हजार वॅट असा आकडा छापलेला. संच लागला, खिडकीची तावदाने थरथरली, आळीतली मुले जमा झाली. आईने मात्र घटकाभर ऐकून म्हटले, "आवाज मोठा आहे रे, पण शब्द कळत नाही."

आम्हांला ह्यावर हसण्याचा अधिकार नाही. पूर्वी एकदा आम्हीही असेच मोठे खोके घरी आणले होते आणि पहिल्या पगारातला बराच भाग त्यात घालविला होता. पण त्या माउलीचे वाक्य आम्ही विसरलो नाही. घरच्या संगीतयंत्राची कसोटी तीच. शब्द कळला पाहिजे, आणि तो कुठून येतो आहे हेही कळले पाहिजे.

प्रथम त्या पाच हजारांचा समाचार घेऊ. आपल्या भिंतीवरचा साधा लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून १,४०० वॅटच्या आतच वीज घ्यावयाची. तेव्हा त्या प्लगला लावलेला संच पाच हजार वॅट कोठून देणार? हा आकडा 'पीएमपीओ' नावाच्या मापाचा असतो आणि ते माप काढण्याची सर्वमान्य अशी रीतच नाही. विचारावयाचे ते सलग मिळणारे, म्हणजे आरएमएस वॅट. ते वीस-तीस असले तरी घराला पुरतात. हे कसे, ते पाहा. मध्यम प्रतीच्या घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे ८७ डेसिबल आवाज मिळतो. साधे संभाषण ६० ते ६५ डेसिबलचे असते. म्हणजे सात-आठ फुटांवर बसून सुखाने गाणे ऐकताना आपण बहुतेक वेळ एका वॅटच्या आत-बाहेरच असतो. उरलेले वॅट तबल्याच्या एखाद्या जोरदार थापेसाठी, तानेच्या अचानक उसळीसाठी राखीव. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो आणि एवढी वाढ कानाला जेमतेम जाणवते. वॅटसाठी पैसे मोजणे म्हणजे विहिरीला पाणी आहे की नाही हे न पाहता मोठा रहाट घेणे होय.

मग पैसे कशावर खर्चावे? आमचे उत्तर असे, की निम्म्याहून अधिक पैसे दोन चांगल्या स्पीकरांवर घालावे. पाच नकोत, वूफरही नको, फक्त दोन. कारण स्टीरिओ ही वस्तू दोनांचीच आहे. अॅलन ब्लमलाइन ह्या इंग्रज इंजिनिअराची एक गोष्ट सांगतात. लंडनच्या चित्रपटगृहात नट पडद्यावर इकडून तिकडे जाई, पण त्याचा आवाज एकाच ठिकाणाहून येई, हे त्याला खटकले. १९३१ साली त्याने दोन मार्गांनी ध्वनी मुद्रित करण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. तशा ध्वनिमुद्रिका बाजारात यावयास मात्र १९५८ साल उजाडले. तत्त्व सोपे आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवितो. दोन स्पीकर हाच फरक कृत्रिम रीतीने निर्माण करतात.

येथे कोणी म्हणेल, आमच्या आवडीच्या गाण्यात स्टीरिओ आहेच कोठे? शंका रास्त आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरच्या. 'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. हे सारे मोनो, म्हणजे एकमार्गी. परंतु आमचा अनुभव असा, की दोन स्पीकरांची खरी परीक्षा ह्या एकमार्गी गाण्यानेच होते. दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखा आवाज येत असेल, तर गवई उजवीकडेही दिसत नाही आणि डावीकडेही दिसत नाही. तो दोहोंच्या मधोमध, जेथे काहीच नाही अशा रिकाम्या जागी उभा राहतो. असा गवई मधे उभा राहिला तर मांडणी साधली. तो पसरट झाला, एका बाजूस सरकला किंवा डोक्यात शिरल्यासारखा वाटला, तर कोठेतरी चुकले आहे. ही परीक्षा फुकट आहे.

बहुधा चूक तारेत सापडते. प्रत्येक स्पीकरला लाल व काळे अशी दोन टोके असतात. एका बाजूची तार उलटी जोडली गेली, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, डग्ग्याची घुमार नाहीशी होते आणि मधला गवई विरून जातो. त्या तारेची टोके अदलाबदल करून पाहावी, उत्तर तत्काळ मिळते. तारेवर मात्र पैसे उधळू नयेत. विजेच्या सामानाच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पंधरा फुटांपर्यंत खुशाल चालते. तिचा विरोध आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य असतो.

वूफर नको, असे आम्ही म्हटले. त्याचे कारण गाण्यातच आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३८ कंपनांचा आणि मंद्र पंचम सुमारे १०४ चा. स्त्रीचा आवाज त्याहून वर. पाच-सहा इंची पडद्याचा चांगला स्पीकर साठ कंपनांपर्यंत बऱ्यापैकी उतरतो. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भावगीत, अभंग हे सारे त्याच्या आवाक्यात येते. ज्यांना नव्या चित्रपटगीतांचा ठेका छातीत जाणवावयास हवा, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी वूफर पुढे केव्हातरी, पैसे साठल्यावर घ्यावा.

आता खोलीकडे वळू, कारण पेणच्या त्या घरातले खरे दुखणे तेथेच होते. नव्या इमारतीतली दहा बाय दहाची खोली, चकचकीत फरशी, सिमेंटच्या नागड्या भिंती. आम्ही मधोमध उभे राहून एक टाळी वाजविली, तर तिच्या मागून चर्रर्र असा शेपटीसारखा नाद उमटला. हीच शेपटी प्रत्येक अक्षराला चिकटते आणि पुढच्या अक्षरावर पडते. तरुण कान मेंदूच्या मदतीने ती झटकून टाकतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. आईंना मोठा आवाज नको होता, कोरडा आवाज हवा होता. शिवाय चौरस खोलीत आणखी एक खोड असते. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६-५७ कंपनांचा सूर पुन्हा पुन्हा आपटून फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखी असली म्हणजे दोन्हींकडून फुगतो. त्यात वूफर कोपऱ्यात बसविलेला! मग घुमण्यावाचून दुसरे काय होणार?

उलट रोह्याच्या आमच्या दुसऱ्या मित्राचे घर जुने आहे, कुंडलिकेपासून फार लांब नाही. उतरते मंगलोरी कौल, लाकडी तुळया, ओटीवर बैठक, भिंतीला पुस्तकांचे कपाट. तेथे टाळी वाजविली तर ती वाजून गप्प बसते. समोरासमोर गुळगुळीत पृष्ठभाग नसले म्हणजे आवाज भटकून थकतो. अशा घरात साधा स्पीकरही शहाण्यासारखा बोलतो.

नव्या घराला जुन्या घराचा हा गुण आणता येतो, आणि त्यासाठी बाजारात जावे लागत नाही. पेणच्या घरी आम्ही पुढीलप्रमाणे केले. स्पीकर व बैठक ह्यांच्यामध्ये जाड सतरंजी घातली. बैठकीमागच्या भिंतीवर जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या टांगल्या. कापसाची गादी गुंडाळून एका कोपऱ्यात उभी केली. तिने घुमार थोडी कमी झाली, फार नाही. खालच्या सुराला गोधडी जुमानत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अक्षरे स्वच्छ झाली. घरच्या सुनेने गोधड्यांच्या जागी आपले विणकाम लावण्याची अट घातली, ती आम्ही जाड अस्तर लावण्याच्या बोलीवर मान्य केली.

तो सहा स्पीकरांचा संच भाच्याने दहा हजारांत घेतला. त्यात पाच हजारांची भर घालून नवा हिशोब मांडला. पाच इंची पडद्याचे दोन वापरलेले स्पीकर आठ हजारांना मिळाले. लहानसा दुमार्गी अँप्लिफायर अडीच हजारांना आला. आजकाल 'क्लास डी' नावाची रचना असलेले हे यंत्र तळहातावर मावते, फारसे तापत नाही आणि वीजही थोडी खाते. वडिलांच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता. तो गावातल्या दुरुस्तीवाल्याने बदलला, डोके साफ केले आणि सहाशे रुपये घेतले. तार वगैरे किरकोळ चारशे. नव्या गाण्यांसाठी घरातला जुना मोबाइल. पंधरांतले साडेतीन हजार उरले.

वापरलेले स्पीकर घेताना कोकणातल्या माणसाने विशेष जपावे. पडद्याच्या कडेला जो मऊ गोल पट्टा असतो तो फोमचा असेल, तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी त्याचा भुगा होतो. रबराचा पट्टा पुष्कळ टिकतो. बोटाने हलकेच चाचपावे. पडदा चारी बोटांनी अलगद आत दाबावा. घासल्यासारखा आवाज आला तर पुढच्या दुकानाकडे वळावे. लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्याने ओळखीचे एक गाणे खिशात घेऊन जावे आणि ते हळू आवाजात ऐकावे. मोठ्या आवाजात सारेच स्पीकर शूर असतात.

मांडणीत एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही. तेथले स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी असतात. स्पीकरमधला बारीक सुराचा लहान पडदा कानाच्या उंचीवर यावा लागतो, आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतो. फूटभर उंचीच्या स्पीकरला म्हणून दीड-पावणेदोन फुटांचा चौथरा हवा. आम्ही जांभ्याचे चिरे एकावर एक ठेवले आणि वर जुन्या रबराचा तुकडा घातला. चिरा जड असतो, हलत नाही, थरथरत नाही. दोन स्पीकर एकमेकांपासून सहा फूट, बैठकही प्रत्येकापासून तितकीच, मागच्या भिंतीपासून हातभर मोकळी जागा. शोकेसच्या फळीत कोंबलेला किंवा कपाटावरून छताकडे पाहणारा स्पीकर कितीही किमतीचा असला तरी वाया जातो. केर काढताना चिरे सरकतात, म्हणून जागा खडूने आखून ठेवल्या. ती आखणी अर्थातच स्नेह्यांनी केली.

पावसाळ्याचे दोन शब्द. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. कॅसेटी व तबकड्या भिंतीलगत न ठेवता कोरड्या कपाटात उभ्या ठेवाव्या, नाहीतर बुरशी धरते. आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी आषाढात स्टीरिओचा नादच सोडावा.

सारे लागले त्या संध्याकाळी स्नेह्यांनी वडिलांची एक कॅसेट लावली. तीत पूर्वी नभोवाणीवर झालेले कुणाचेसे कीर्तन होते, अर्थात मोनो. आई सतरंजीवर नेमक्या मधे बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही स्पीकरांकडे आळीपाळीने पाहिले आणि मग मधल्या मोकळ्या भिंतीकडे बोट करून विचारले, "आणि तो तिसरा कुठे लपवलास?"

रोह्याचे मित्र हे ऐकून उतावीळ झाले आहेत. त्यांच्या ओटीला गोधडीची गरज नाही, स्पीकरांची आहे. पण ओटीपुढच्या पडवीवर त्यांनी नुकताच पत्रा घातला आहे, म्हणून खरेदी दसऱ्यावर गेली आहे.