पिशवीवाल्याची मॅरेथॉन

आमच्या घरात धावते ती बायको. माझ्या वाट्याला पिशवी. सपाता, कोरडा टी-शर्ट, टॉवेल, मीठ-जिरं घातलेल्या ताकाची बाटली, सुटे पैसे आणि घडी घातलेला मार्गाचा नकाशा एवढा ऐवज काखेत मारून मी जानेवारीत मुंबईचे रस्ते पालथे घालतो. नाशकातले मित्र विचारतात, "अरे, तू धावत नाहीस तर जातोस कशाला? टीव्हीवर दिसतंच की." टीव्हीवर दिसतात ते पहिले दहा-बारा. रस्त्यावर उतरलेले असतात साठ हजारांच्या आसपास, आणि ते बघायचे तर रस्त्यावरच जावं लागतं. त्यातही कुठे उभं राहायचं, तिथून कधी हलायचं आणि काय ओरडायचं हे ठरवून गेलं नाही, तर चार तास नुसत्या अनोळखी पाठी बघून परत यायची पाळी येते.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आता ती टाटांच्या नावाने ओळखली जाते आणि जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते. नाव एकच असलं तरी एका सकाळी तिथे अनेक शर्यती असतात. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ती सीएसएमटीपासून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. हाफ निघते माहीमच्या रेतीबंदरावरून. दहा किलोमीटरची वेगळी. दिव्यांगांची आणि ज्येष्ठ नागरिकांची वेगळी. शेवटी ड्रीम रन. ड्रीम रनमध्ये कोणी फारसं धावत नाही. ती फलक, मुखवटे आणि घोषणांची जत्रा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर ती जरूर बघावी. धावणं बघायला आलेल्याने मात्र तिच्यासाठी जागा अडवून बसू नये.

शनिवारी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, दादरला उतरायचं आणि मेट्रोने बीकेसी गाठायचं. धावणाऱ्याचा क्रमांक छापलेलं बिब शनिवारपर्यंत तिथे स्वतः जाऊन घ्यावं लागतं, रविवारी सकाळी ते मिळत नाही. बिबच्या पाठीला एक पातळ चिप चिकटवलेली असते. रस्त्यावर ठरावीक अंतरांवर चटया अंथरलेल्या असतात. त्यांवरून पाऊल गेलं की वेळ नोंदली जाते आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर आपला माणूस कुठवर आला ते दिसतं. दिसतं, पण त्यावर विसंबू नये. लाखभर माणसं एकाच पट्ट्यात मोबाइल काढून उभी राहिली की नेटवर्क गुदमरतं. माझा भरवसा शनिवारी रात्री नकाशाच्या मागे मांडलेल्या हिशेबावर. बायको किलोमीटरला साधारण सात मिनिटं घेते. पाचला बार झाला तरी तिच्या पुढे हजारो माणसं असतात, त्यामुळे सुरुवातीची रेघ ओलांडेपर्यंत दहा मिनिटं जातात. म्हणजे सहावा किलोमीटर सहाच्या आत, पंचविसावा आठच्या पुढे, पस्तिसावा सव्वानऊनंतर. पंचविशीपर्यंत हा हिशेब बरोबर येतो. पुढे तो चुकायला लागतो, आणि मॅरेथॉनमध्ये बघण्यासारखं जे आहे ते तिथूनच सुरू होतं.

मुक्काम गिरगावात, मावशीकडे. चर्नी रोड स्टेशन हाकेच्या अंतरावर, चौपाटी चालत पाच मिनिटं. मॅरेथॉन बघायला येणाऱ्याला मुंबईत याहून सोयीची जागा नाही. पहाटेपासून दक्षिण मुंबईतले मोठे रस्ते गाड्यांना बंद होतात. टॅक्सी मिळाली तरी ती एखाद्या बॅरिकेडपाशी नेऊन सोडते. लोकल मात्र चालू असते. मॅरेथॉनसाठी मध्य आणि पश्चिम रेल्वे अपरात्रीच्या खास गाड्याही सोडतात. सगळी शर्यत पश्चिम रेल्वेला समांतर अशीच जाते-येते, हे एकदा लक्षात आलं की मुंबई सोपी होते. धावणारे समुद्राच्या कडेने जातात, आपण रुळांवरून त्यांच्या पुढे जायचं.

पहिली जागा चौपाटी. जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातला उगवतो, त्यामुळे पावणेसहाला मरीन ड्राइव्हवर रस्त्यावरच्या दिव्यांचाच उजेड असतो. आधी माणसं दिसत नाहीत, आवाज ऐकू येतो. हजारो बुटांचा डांबरावरचा मऊ, एकसारखा आवाज. मग एक झेंडा दिसतो. तो असतो पेसरचा. साडेचार तास, पाच तास अशी वेळ लिहिलेला झेंडा पाठीला लावून हा माणूस ठरलेल्या वेगाने धावतो आणि त्याच्या मागे तीसचाळीस जणांचा घोळका असतो. धावणारे त्याला बस म्हणतात. गर्दीत आपलं माणूस शोधायचं तर चेहरे बघू नयेत, बस शोधावी. बायको पाच तासांच्या बसच्या थोडी मागे असते. सहाव्या किलोमीटरला ती हसते, हात करते, एखादं वाक्यही बोलून जाते. त्या टप्प्यावर सगळेच हसतात.

तिथून सातच्या सुमारास लोकलने दादर आणि चालत शिवाजी पार्क. मधल्या काळात फुलवाले वांद्रे-वरळी सागरी सेतू ओलांडत असतात. २००९ साली खुल्या झालेल्या या साडेपाच किलोमीटरच्या पुलावर एरवी पायी चालायला किंवा दुचाकी न्यायला बंदी आहे, प्रेक्षकांना तर शर्यतीच्या दिवशीही तिथे प्रवेश नाही. टीव्हीच्या हेलिकॉप्टरला तो पट्टा सुंदर दिसतो. धावणाऱ्याला तो मुका वाटतो, दोन्ही बाजूंना पाणी आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. म्हणून पूल उतरून माहीम-दादरकडे वळलेल्या माणसाला बघणारं कोणी भेटणं फार मोलाचं. शिवाजी पार्कात ती माणसं भेटतात. ढोल-ताशे असतात, शाळांची लेझीम पथकं असतात आणि सकाळी फिरायला आलेले आजोबा काठी वर करून "शाब्बास" म्हणतात. (हे आजोबा मला ढोलापेक्षा जास्त आवडतात. ढोलवाले सगळ्यांसाठी वाजवतात, आजोबा एकेकाकडे बघून बोलतात.)

तिसरी जागा पेडर रोड. एकच जागा निवडायची असेल तर हीच निवडा. ग्रँट रोडला उतरून नाना चौकातून केम्प्स कॉर्नर आणि तिथून वर जसलोक रुग्णालयापर्यंत चालत जायचं. परतीच्या वाटेवर हाजीअलीकडून हा चढ लागतो, तेव्हा फुलवाल्यांच्या पायांत चौतीस-पस्तीस किलोमीटर जमा झालेले असतात. एरवी गाडीतून जाताना चढ आहे हे कळतही नाही. त्या वेळी मात्र तो उभा कडा होतो, आणि त्याला कारणं आहेत. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर सर्वसाधारण माणसाला तीसेक किलोमीटर पुरते. मग शरीराला चरबी जाळावी लागते, तिची ऊर्जा सावकाश मिळते, वेग पडतो. धावणारे म्हणतात, वॉल लागली. त्यात मुंबईची हवा दमट. नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, घाम वाळावा लागतो. दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो. नऊ वाजता ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं. नाशकाच्या थंडीत महिनोन्‌महिने सराव केलेल्या माणसाला ही हवा जास्तच झोंबते.

इथले रहिवासी हे सगळं ओळखून आहेत. सोसायट्यांच्या दारांत टेबलं लागतात. मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, चिक्की, खजूर, केळ्याचे तुकडे. मीठ लावलेली फोड हा नुसता प्रेमाचा प्रकार नाही. चार तास घाम गाळलेल्या माणसाच्या शरीरातून मीठ गेलेलं असतं, आणि त्याने नुसतं पाणीच ढोसलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होऊन तो भोवळ येऊन पडू शकतो. म्हणून प्रेक्षकांनी पाण्याच्या बाटल्या पुढे करण्यापेक्षा फोड पुढे करावी. तीही तळहातावर, बोटांत पकडून नव्हे. धावणाऱ्याला थांबावं लागू नये.

याच जागी एक गंमत घडते. जगातले पहिल्या फळीचे धावपटू सातनंतर निघतात, म्हणजे बायकोपेक्षा जवळपास दोन तास उशिरा. आणि पेडर रोडला येईपर्यंत ते तिला मागे टाकतात! पुढे मोटारसायकली, मग वेळ दाखवणारी गाडी, मग चारपाच सडपातळ माणसं. जोराने श्वास घेतल्याचा आवाजही येत नाही. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ साली इथे २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा विक्रम केला. त्याचा अर्थ मी नकाशाच्या मागे मांडून बघितला, दर शंभर मीटर अठरा सेकंदांत, आणि असे शंभर मीटर सलग ४२२ वेळा. घराजवळच्या मैदानात शंभर मीटर मोजून अठरा सेकंदांत एकदा पळून बघा, म्हणजे पुढच्या वेळी टाळ्या वेगळ्या वाजतील.

त्यांच्या मागून भारतीय स्त्रिया येतात, तेव्हा मी जागेवर उभा राहत नाही, बॅरिकेडला चिकटतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१२ पासून सलग तीन वर्षे इथे भारतीय महिलांत पहिली आली. २०१५ साली ओ. पी. जैशाने याच रस्त्यांवर २ तास ३७ मिनिटं २९ सेकंदांत राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा ललिता दुसरी होती. पुढच्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. परभणीची ज्योती गवते २०१७ साली भारतीय महिलांत जिंकली. आमच्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने इथली हाफ गाजवली. दुष्काळी तालुके आणि आदिवासी पाडे यांच्या मुली देशातल्या सर्वांत श्रीमंत रस्त्यांपैकी एकावर पहिल्या येतात. टीव्हीवर ही नावं पट्टीत सरकून जातात.

मग सव्वानऊनंतर कधीतरी बायको येते. हसत नाही. तिला मी दिसतो की नाही, शंकाच असते. अशा वेळी काय बोलायचं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. "अजून थोडंच राहिलंय" हे कधीही म्हणू नये. सात किलोमीटर राहिलेत हे तिला तुमच्यापेक्षा नीट माहीत असतं, आणि तासभर चालणारी गोष्ट थोडी नसते. "छान दिसतेस" हेही नको, ते खोटं असतं. बिबवर नाव छापलेलं असतं, ते वाचून खणखणीत हाक मारावी. अनोळखी गर्दीत कोणी नावाने हाक मारली की मान वर होते, आणि मान वर झाली की खांदे सरळ होतात. मी एवढंच सांगतो, "चढ संपला, आता उतार." ते खरं असतं.

सीएसएमटीजवळच्या फिनिशपाशी जायच्या फंदात पडू नका. तिथे गर्दीत काही दिसत नाही, आणि शर्यत संपवलेल्यांना पदक घेऊन, सरबत पिऊन बाहेर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. भेटायची जागा शनिवारीच ठरवून ठेवावी, कारण ऐन वेळी फोन लागेलच असं नाही. आमची जागा धोबीतलावच्या मेट्रो सिनेमाचा कोपरा. तिथे सपाता पुढे करायच्या, ताक द्यायचं, आणि पहिली दहा मिनिटं "कसं झालं" हे विचारायचं नाही. मावशीच्या चाळीचा लाकडी जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना बायकोला काही होत नाही. दुपारी जेवून तोच उतरताना ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून आडवी उतरते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि सकाळभर फाटलेल्या तंतूंना नेमकं तेच सोसत नाही. मावशी दरवेळी वरून विचारते, "अगं, पैसे भरून करतेस ना हे?"

एक विनंती. मुंबईत राहत असाल, किंवा शनिवार-रविवार काढून येणार असाल, तर पहिले पळाले की घरी जाऊ नका. दहानंतर पेडर रोडवरची टेबलं उचलली जातात, ढोलवाले चहाला जातात, मागून रस्ता गाड्यांना खुला व्हायला लागतो, आणि तेव्हाही पुष्कळ माणसं चालत-धावत येत असतात. साठीच्या बायका, नऊवारी नेसलेल्या आज्या, पहिल्यांदाच फुल धावणारा एखादा जाडजूड गृहस्थ. ते ४२ किलोमीटरसाठी पहिल्याच्या तिप्पट वेळ रस्त्यावर असतात आणि त्यांना बघायला कोणी उरलेलं नसतं. तिकीट लागत नाही, नोंदणी लागत नाही. संत्री सोलून, मीठ लावून न्या, आणि अकरापर्यंत थांबा.