इंग्रज हवेवर इतके का बोलतात?

लंडनच्या बसथांब्यावर दोन अनोळखी माणसे बोलू लागली, की विषय बहुधा हवेचा निघतो. "काल कसे छान ऊन होते, आज पुन्हा स्वेटर!" कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५८ साली या सवयीवर निबंध लिहिला. उद्या ऊन की ढग, हे तिथे कोणालाच सांगता येत नाही, हे कारण त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पण असे का व्हावे? ब्रिटनच्या आसपास दक्षिणेची उबदार आणि ध्रुवाकडची थंड हवा एकमेकींना भिडतात. तेथे सुमारे १० किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो. अटलांटिकवरील पावसाळी, कमी दाबाची क्षेत्रे त्याच्याच वाटेने येतात. हा झोत नदीसारखा वळणे घेतो, आणि खरी गंमत इथेच आहे! तो ब्रिटनच्या उत्तरेस सरकला की बहुधा ऊन. दक्षिणेस उतरला की पाऊस आणि गारठा. २०१२ चा उन्हाळा असाच पावसात गेला.

१९ जुलै २०२२ रोजी मात्र दक्षिणेची तप्त हवा वर आली आणि कॉनिंग्जबी येथे पारा ४०.३ अंश सेल्सिअसवर चढला. एवढे तापमान त्या देशात पूर्वी कधी नोंदलेच गेले नव्हते. तेथील घरे थंडीसाठी बांधलेली. वृद्धांचे फार हाल झाले.